डाग, खापरं आणि व्हायरल फोटो

घटोत्कचाच्या सांगाड्याचा फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. खड्ड्यात आडवी पडलेली अवाढव्य कवटी, शेजारी मुंगीएवढी माणसं आणि खाली दडवलेल्या सत्याबद्दल दोन ओळी. हा फोटो २००२ साली एका संकेतस्थळावरच्या फोटो-करामतींच्या स्पर्धेसाठी बनवलेला आहे. मूळ छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या, २००० सालच्या उत्खननाचं. तिथे निघाला होता मॅस्टोडॉन, हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने २००७ मध्ये हे सगळं उलगडून सांगितलं, तरी घटोत्कच अजून ग्रुपाग्रुपांतून हिंडतोच आहे.

‘पुरातत्त्ववाले खजिना शोधतात’ हा समज त्याहून चिवट. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा इथे, एका साधूच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्याची आवई उठली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खणायला उतरलं. वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. सोन्याचा कणही निघाला नाही. तिथलं खरं हसू वेगळ्याच गोष्टीचं येतं: कॅमेरे सोन्याची वाट पाहत होते, आणि निघणाऱ्या खापरांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. उत्खननाचा निम्मा जीव खापरांत असतो. डायनासोरची हाडं मात्र पुरातत्त्ववाल्यांच्या कामात येत नाहीत, तो पुराजीवशास्त्राचा प्रांत.

मग दिवसभर करतात तरी काय? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम खणलं आणि साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. कुडाच्या भिंतींची घरं होती. कूड कधीच कुजून गेला, मग घर कसं कळलं? खुरप्याने, ब्रशने जमीन साफ करत गेलं की आजूबाजूपेक्षा गडद, भुसभुशीत मातीचे गोल डाग दिसू लागतात. ती खांबांची भोकं. एकेका डागाची जागा मोजून कागदावर मांडली, की गोल किंवा चौकोनी घर उमटतं. रंग उठून दिसेनासा झाला तर मातीवर पाणी शिंपडायचं. अशाच घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलंही सापडली.

बाकी दिवस बराचसा कारकुनी असतो. उन्हं तापायच्या आत काम सुरू. चौकोनी चर, दोन चरांमधला न खणलेला मातीचा बांध, त्याच्या उभ्या कापावर खिळ्याने आखलेल्या थरांच्या रेघा, ओळंबा, टेप, नोंदवही. घमेल्यातली माती चाळणीवर जाते, काही माती पाण्यात कालवतात, म्हणजे जळकं धान्य वर तरंगतं. तंबूपाशी खापरं धुऊन वाळत घातलेली असतात. वाळली की प्रत्येकावर शाईने स्थळाची खूण, चर आणि थर लिहायचा. हे शेकडो तुकड्यांवर, बारीक अक्षरात. छायाचित्र काढण्याआधी चर झाडून लख्ख करतात आणि मापपट्टी ठेवतात.

‘कार्बन चाचणीने कशाचंही वय निघतं’ हेही खरं नाही. ती चालते एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांवर: कोळसा, हाड, धान्य. दगड किंवा धातू त्यात बसत नाही. त्यांचं वय काढायला बहुतेकदा त्याच थरातला कोळसा लागतो, म्हणजे वस्तू नेमकी कुठल्या थरात होती हे ठाऊक हवं.

हे ठाऊक नसलं की काय होतं, ते दायमाबादने दाखवलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझची चार शिल्पं मिळाली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, पण शिल्पं आधीच थरातून निघालेली. काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळात बसवतात, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी ती बरीच नंतरची मानली. शेतकऱ्याला दोष कसला द्यायचा? मात्र वस्तू हाती असूनही तिचा काळ वादात राहिला.

आता हे सगळं फोनवर येतं. चरातूनच व्हिडिओ टाकले जातात, आणि ते मला आवडतात. तुर्कस्तानातल्या चातालहोयुक इथे तर इयान हॉडर यांच्या चमूने उत्खनकांच्या रोजनिशा आणि नोंदीच सगळ्यांसाठी खुल्या केल्या. पण ‘लगेच सगळं दाखवत का नाहीत, काहीतरी लपवतात’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: अचूक ठिकाणासह टाकलेला ताजा फोटो रात्री कुदळ घेऊन येणाऱ्यालाही पोचतो. शिवाय पहिल्या दिवसाचा अंदाज पुष्कळदा दुसऱ्या थरात बदलतो. मापपट्टी नसलेला फोटो तर घटोत्कच जन्माला घालायला पुरेसा असतो. आणि खांबाच्या भोकाला लाइक मिळत नाहीत, ही टाकणाऱ्यांची अडचण वेगळीच.

हंगाम संपल्यावर चर पुन्हा मातीने भरताना पाहून ‘पुरावे गाडले’ अशी ओरड होते. उघड्या मातीच्या भिंती एका पावसाळ्यात ढासळतात, म्हणून भरतात. स्थळाचा काही भाग तर मुद्दाम खणतच नाहीत. इनामगावच्या वेळी नसलेल्या चाचण्या आज आहेत, उद्या आणखी येतील.

तुमच्याच शेतात काही लागलं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरून ठेवलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वस्तू उपसू नका. शेजारी पट्टी ठेवून, आजूबाजूच्या मातीसह फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. ग्रुपवर टाकायचा तो नंतर.