आय. आय. टी. मध्ये प्रवेश मिळेल काय? शक्यता अजमावण्याची रीत

भोर व वेल्हे या डोंगरी मुलखातील पालक हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात: "आमच्या मुलाला आय. आय. टी. मिळेल काय?" प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून मुलास पुण्याला शिकवणीस ठेवावे की नाही, हे कित्येक घरांत त्याच्या उत्तरावरच ठरते. परंतु उत्तर बहुधा दोन खोट्या मापांनी दिले जाते. मुलगा वर्गात पहिला येतो, तेव्हा मिळेलच, हे एक. व खेड्यातल्या मुलास कोठले मिळायला, हे दुसरे. पहिल्याने घर कर्जात बुडते, दुसऱ्याने गुणी मूल मागे राहते. सबब खरे माप कोणते, ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आकडे पाहू. सन २०२४ मध्ये जे. ई. ई. मेन या पहिल्या परीक्षेस सुमारे १४ लक्ष विद्यार्थी बसले. त्यांपैकी वरचे सुमारे अडीच लक्ष पुढील जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड परीक्षेस पात्र ठरतात. ती १,८०,२०० जणांनी दिली व ४८,२४८ उत्तीर्ण झाले. देशातील २३ आय. आय. टीं. मध्ये मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे आरंभी बसलेल्या ८० विद्यार्थ्यांमागे जागा एक. आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकीही निम्म्याहून अधिकांस जागा नव्हती.

तथापि हे प्रमाण म्हणजे आपल्या मुलाची शक्यता नव्हे. तालुक्याच्या भाताचा सरासरी उतारा काहीही असो, आपल्या खाचरात काय पिकेल हे आपल्या खाचरात उतरूनच कळते. तद्वत मुलाची तयारी स्वतंत्रपणे मोजली पाहिजे.

येथे एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. आपल्या बरोबरीने वा आपल्या मागे शेकडा किती विद्यार्थी आहेत, याचा तो आकडा होय. १४ लक्षांत ९९ पर्सेंटाइल मिळाले, तरी सुमारे १४ हजार विद्यार्थी पुढे असतात.

आता मोजण्याची रीत. मागील वर्षांच्या ॲडव्हान्स्डच्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तीन तीन तासांच्या दोन्ही पत्रिका एकाच दिवशी, घड्याळ लावून सोडवाव्या. असे निदान पाच वेळा करावे, आणि सर्वांत चांगला आकडा न धरता मधला धरावा. २०२४ साली सर्वसाधारण गुणवत्ता यादीत येण्यास ३६० पैकी १०९ गुण लागले होते. परंतु यादीत येणे निराळे व जागा मिळणे निराळे. त्यासाठी संयुक्त जागावाटप प्राधिकरण, म्हणजे जोसा, दरवर्षी प्रत्येक शाखेचा शेवटचा क्रमांक प्रसिद्ध करते, तो पाहावा. मुंबईच्या आय. आय. टी. त संगणक शाखेस २०२४ साली खुल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक ७० च्या आत होता. इतर संस्थांत व शाखांत तो कित्येक हजारांपर्यंत जातो. प्रत्येक राखीव प्रवर्गाची यादी निराळी असते व मुलींसाठी २०१८ पासून जादा जागा आहेत. म्हणून तुलना करावयाची ती आपल्याच प्रवर्गाच्या यादीशी.

आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेन परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र केवळ इंग्रजी व हिंदीतून होते. तेव्हा मराठीतील गुणांवरून अदमास बांधणे धोक्याचे आहे. उलटपक्षी, जो भाग शिकविलाच गेला नाही त्यात गुण कमी पडले, म्हणून मुलास मंद ठरविणे हाही अन्यायच होय. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. एकदाच्या गुणांपेक्षा दोन मोजण्यांतील वाढ अधिक बोलकी असते. मात्र ॲडव्हान्स्ड लागोपाठ दोनच वर्षे देता येते, हे विसरू नये.

फीच्या भयाने मात्र कोणी मागे हटू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लक्षाहून कमी असल्यास अध्यापन फी पूर्ण माफ होते; एक ते पाच लक्षांपर्यंत दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांस ती द्यावीच लागत नाही.

शक्यता अल्प निघाली, तर काय करावे? प्रयत्न सोडू नये. पण शेत गहाण टाकून त्या एकाच दाराशी बसू नये. त्याच अभ्यासावर राज्याची सी. ई. टी. देता येते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झालेले असून २०२२ पासून ते विद्यापीठ आहे. भोरहून ते फार दूर नाही. पालकांनी हिशेब अवश्य करावा, परंतु तो मुलास बरोबर बसवून करावा, व त्यातून निघालेला आकडा तयारीचा आहे, मुलाच्या योग्यतेचा नव्हे, हे त्यास स्पष्ट सांगावे.