सोयाबीनची धूळ आणि दमा

सोयाबीन हें वाशीम जिल्ह्याचें खरिपांतील मुख्य पीक. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणीयंत्रें सुरू झालीं कीं त्याच्या कुटाराची धूळ शिवारभर उडते. यंत्रापाशीं उभ्या असलेल्या एखाद्या मजुराला धाप लागली, तर ‘थंडी बाधली’ असें म्हणून तो विषय बहुधा तेथेंच संपतो.

या धुळीचा प्रताप उघडकीस आला तो मात्र स्पेनमधील बार्सिलोना बंदरांत. 1981 ते 1987 या काळांत त्या शहरीं कांहीं दिवशीं एकाएकीं दमेकऱ्यांची रुग्णालयांत रीघ लागे. असे दिवस 26 भरले. संशोधकांनीं त्या तारखा बंदराच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या, तेव्हां तपासलेल्या प्रत्येक दिवशीं जहाजांतून सोयाबीन उतरविलें जात होतें असें दिसलें! रुग्णांच्या रक्तांतहि सोयाबीनविरुद्धचीं प्रतिपिंडें सांपडलीं. दोष होता टरफलांतील प्रथिनांचा. कोठारावर धूळ अडविणारी गाळणी बसवितांच ती साथ थांबली.

तेव्हां निदान करतांना नुसती छाती तपासून भागत नाहीं. धाप कोणत्या दिवशीं लागते आणि काम थांबल्यावर उतरते काय, हें विचारावें लागतें. पीक-फ्लो मीटरमध्यें फुंकून मळणीच्या व इतर दिवसांचे आंकडे लिहून ठेवल्यास फरक स्पष्ट दिसतो. उपचारांत श्वासावाटे घ्यावयाचें स्टेरॉइड मुख्य, कारण तें श्वासनलिकांची सूज उतरवितें. त्याची सवय जडते ही भीति अनाठायीं आहे. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधानें सूज तशीच राहते. शहरांत राहून गांवची शेती करविणाऱ्यांनीं मजुरांना चांगले मास्क पुरवावे. रुमालानें बारीक धूळ अडत नाहीं.