बालेवाडीचा बंदिस्त हॉल आणि आमचा कापडाचा धंदा

मुळशी तालुक्यातील माले गावातून निघाले, की पौड, घोटवडे फाटा, माण, हिंजवडी असे करत म्हाळुंगे-बालेवाडीला पोहोचता येते. २०२४ च्या डिसेंबरात माले येथील कबड्डी खेळणारी दहा-बारा पोरे जीप करून याच रस्त्याने बालेवाडीला प्रो कबड्डीचा सामना पाहावयास गेली. त्यांच्याबरोबर मीही होतो. कारण एवढेच, की त्यांच्या संघाच्या जर्सीचे कापड माझ्या दुकानातून गेलेले आणि त्याचे निम्मे पैसे अजून यावयाचे होते. "चाचा, तुम्ही पण चला, उधारीवर डोळा राहील," असे पोरेच म्हणाली.

पोरे सामना पाहत होती. मी मात्र वर छप्पर, खाली जमीन आणि चारी बाजूंचे पडदे न्याहाळत बसलो. आयुष्य कापडात गेलेल्या माणसाची नजर दुसरीकडे जाणार तरी कोठे? त्या दिवशी जे मनात आले, ते वाचक बंधूंपुढे, विशेषतः तरुण व्यापाऱ्यांपुढे मांडावेसे वाटते.

संकुलाचा थोडा इतिहास

या जागेचे पूर्ण नाव श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. यातील म्हाळुंगे हे मूळचे मुळशी तालुक्यातले गाव. २०२१ साली जी २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत तेही शहरात गेले. म्हणजे मालेच्या पोरांच्या दृष्टीने हे संकुल परक्या मुलखातले नाही, त्यांच्याच तालुक्याच्या शिवेवरचे आहे.

संकुल उभे राहिले ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. त्याआधीच्या स्पर्धा १९८५ साली दिल्लीत आणि १९८७ साली केरळात झाल्या होत्या. नंतर सात वर्षांच्या खंडाने महाराष्ट्राची पाळी आली. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो व वडिलांच्या हाताखाली दुकानात बसत होतो. स्पर्धांच्या निमित्ताने पताकांचे रंगीत कापड आणि ट्रॅकसूटचे कापड यांना अचानक मागणी आली होती. आमच्या वाट्याला त्यातले थोडेच आले, पण खेळ हेसुद्धा कापडाचे गिऱ्हाईक आहे, हा धडा मला तेव्हा मिळाला.

त्यानंतर २००८ साल आले. त्या वर्षी १२ ते १८ ऑक्टोबर या काळात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा येथे झाल्या. त्यासाठी संकुलात नव्या सोयी करण्यात आल्या. ७१ देशांचे संघ आले आणि भारताने ३३ सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. त्याच महिन्याच्या अखेरीस पुण्यात जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा भरली. सायना नेहवालने जपानच्या सायाका सातोला हरवून मुलींचे विजेतेपद मिळवले. हा किताब जिंकणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच वर्षी, २००९ साली, एकवीस वर्षांखालील पुरुषांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धाही पुण्यात झाली व ब्राझीलने ती जिंकली.

बॅडमिंटनच्या बाबतीत पुण्याचा हक्क थोडा जुना आहे. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी येथील छावणीत हा खेळ इतका वाढवला, की एके काळी त्याला 'पूना' असेच म्हणत. त्याचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यातच लिहिले गेले, असे खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे इंग्लंडमधील एका वाड्याच्या नावावरून 'बॅडमिंटन' हे नाव रूढ झाले. आपल्याकडच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात जाऊन विजेतेपद मिळवले. परदेशात किताब जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मानकरीही तेच ठरले.

छप्पर कशासाठी?

काही जण विचारतात, की मैदान मोकळे असताना एवढा खर्च करून खेळावर छप्पर कशाला घालायचे? याचे उत्तर शटलच्या वजनात आहे. १६ पिसांच्या शटलचे वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला वाऱ्याची झुळूकही बाजूला नेते. म्हणून खिडक्या बंद लागतात. वातानुकूलन यंत्राचा झोतसुद्धा बेताने सोडावा लागतो. पांढरे शटल डोळ्यांना दिसावे म्हणून कोर्टामागची भिंत किंवा पडदा गडद रंगाचा लागतो. छप्पर उंच लागते, कारण शटल उंच उडते. बॅडमिंटनचे एक कोर्ट १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. तेव्हा एकाच हॉलमध्ये सकाळी बॅडमिंटन आणि संध्याकाळी मॅट अंथरून कबड्डी, हे सहज जमते.

कबड्डी तर आपल्या मातीतला खेळ. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकांचा खेळ झाला. मातीवरचा खेळ मॅटवर आला, मॅट छपराखाली आली आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर तो घराघरांत दिसू लागला. पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये झाला. पुणेरी पलटणचे घर मात्र बालेवाडी. पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पहिल्यांदा किताब जिंकला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला पुढच्या हंगामाचा अंतिम सामना बालेवाडीत झाला व हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवले.

यात कापड कोठे आले?

पूर्वी कबड्डीला सुती बनियन आणि अर्धी चड्डी पुरे असे. आता मॅटवर धरपकड जोराची होते. कापड ताणले जावे पण फाटू नये, घाम धरू नये व लवकर वाळावे, अशी मागणी असते. म्हणून पॉलिएस्टरचे विणलेले कापड चालते. आमच्याकडे दीडशे ते एकशे ऐंशी जीएसएमचे जास्त खपते. त्यावर नाव, क्रमांक आणि रंग उष्णतेने उतरवतात, त्याला सब्लिमेशन छपाई म्हणतात. ही छपाई सुती कापडावर टिकत नाही व गडद कापडावर उठत नाही. त्यासाठी पांढरे किंवा फिके पॉलिएस्टरच लागते. नव्या व्यापाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर गडद रंगाचे ताके घेऊन बसण्याची पाळी येते. मालेच्या पोरांना गर्द निळी जर्सी हवी होती. मी कापड पांढरे घेतले आणि निळा रंग छपाईतच भरून घेतला.

जर्सीखेरीज ट्रॅकसूट, पंचांचे शर्ट, कोर्टामागचे पडदे, खुर्च्यांची आवरणे, पताका, बॅगांचे कापड, हे सारे एका हॉलच्या आजूबाजूला खपते. पडद्याच्या कापडाला आग लवकर लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते की नाही, हे विचारूनच माल द्यावा. स्वस्तातला साधा पडदा हॉलला देणे म्हणजे शेकडो माणसांच्या जिवाशी खेळ.

माझ्या हातून झालेली चूक

आता थोडे स्वतःविषयी. साधारण २०१२ सालची गोष्ट. एका गावातील बंदिस्त क्रीडागृह सणापूर्वी सहा दिवस कापडाच्या प्रदर्शन-विक्रीसाठी भाड्याने मिळाले. गावाचे नाव घेत नाही. आम्ही चाळीसेक व्यापाऱ्यांनी स्टॉल घेतले. खाली खेळाची लाकडी जमीन होती. अशी जमीन खालच्या लाकडी पट्ट्यांवर थोडी लवचीक बसवलेली असते, म्हणजे उडी मारणाऱ्याच्या गुडघ्यांना हिसका बसत नाही. आम्हाला याची माहिती नव्हती आणि आम्ही कोणाला विचारलेही नाही. लोखंडी स्टँड थेट लाकडावर उभे केले. मी स्वतः कापडाचे गठ्ठे ओढत आत नेले. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, गिऱ्हाइकांच्या चपलांचे पाणी आत आले, ते आम्ही ओल्या पोत्यांनी पुसले.

दाराशी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी रॅकेट घेऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "चाचा, दुकान कधी उठणार?" मी हसून त्याला एक रुमाल दिला. त्याने तो घेतला नाही.

प्रदर्शन उठले तेव्हा लाकडावर ओरखडे होते, दोन-तीन ठिकाणी फळ्या फुगल्या होत्या. दुरुस्ती लांबत गेली आणि कोर्ट बंद राहिले. तेथे मुलांना शिकवणारे एक प्रशिक्षक दर वर्षी माझ्याकडून साठ मुलांचे प्रत्येकी दोन, म्हणजे एकशेवीस जोड शिवून घेत. मुलेच पांगली, तेव्हा त्यांची मागणीही थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे गेली.

हिशेब वाचकांनीच पाहावा. सहा दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉलचे भाडे, मजुरी व वाहतूक वजा जाता माझ्या हाती नऊ हजार रुपये राहिले. एकशेवीस जोडांवर मला जोडामागे साठ रुपये सुटत, म्हणजे वर्षाला सात हजार दोनशे. दोन वर्षांचे चौदा हजार चारशे गेले. नऊ हजारांसाठी मी चौदा हजार घालवले, आणि त्या मुलाची दोन वर्षे गेली ती कोणत्याच वहीत मांडता येत नाहीत.

मग हॉल रिकामा ठेवायचा का?

तसे माझे म्हणणे नाही. मोठ्या सामन्यांचे दिवस वर्षात थोडे असतात. वीज, पाणी, रखवाली आणि डागडुजीचा खर्च मात्र बाराही महिने चालू राहतो. बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये २०१९ आणि २०२४ साली मावळ लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी झाली. वरळीचे स्टेडियम २०२० साली करोनाच्या रुग्णांसाठी वापरले गेले. एवढे मोठे छप्पर अडचणीच्या वेळी सगळ्यांच्या कामी यावे, हे रास्तच आहे. प्रदर्शनाचे भाडेही हॉलला उपयोगी पडते. प्रश्न एवढाच, की आधी कोणाचा हक्क?

माझ्या तजुर्ब्याने मी सांगतो, की हॉलचे खरे गिऱ्हाईक रोज येणारे मूल आहे. सामना पाहणारा वर्षातून एकदा येतो, प्रदर्शनाचे गिऱ्हाईक सहा दिवस येते, ते मूल मात्र पाऊस असो, परीक्षा असो, येत राहते. ते वाढते, त्याची जर्सी आखूड होते, बूट झिजतात, मागचा भाऊ त्याच्या पाठोपाठ येतो. त्याच्या आधारावर शिंपी, छपाईवाला, बूटवाला, चहावाला आणि आमच्यासारखा कापडवाला जगतो.

राज्य सरकारची विभागीय, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे, त्यामुळे असे हॉल गावोगावी होत आहेत. व्यापारी मंडळींनी हॉल मागताना काही गोष्टी स्वतःहून मान्य कराव्यात. स्टॉल शक्यतो व्हरांड्यात किंवा बाहेरच्या आवारात लावावेत. आत लावावेच लागले, तर लाकडावर आधी जाड नमदा किंवा रबर आणि वर प्लायवूड टाकावे, त्याचा खर्च भाड्याबरोबर आपण द्यावा. गठ्ठे ओढू नयेत, ढकलगाडीने न्यावेत. ओले पोते जमिनीला लावू नये. दुरुस्तीची ठेव आगाऊ भरावी. आणि सरावाची वेळ सोडून दुसरी वेळ मागावी. एवढे केले तर क्रीडागृहवाल्यांनाही आपण नकोसे होणार नाही.

बालेवाडीहून परतताना रात्र झाली होती. माण सोडल्यावर पोरांतला एक म्हणाला, "चाचा, मॅटवर पाय किती छान धरतो! आमच्याकडे तर मातीत खडे." नंतर त्यांनी हिशेब मांडला, की आपल्या गावात जुनी मॅट आणून एखाद्या शेडखाली टाकता येईल काय. मी म्हटले, मॅट कोठून मिळते ते चौकशी करून सांगतो, झाकायला ताडपत्री माझ्याकडून घ्या. "ती पण उधार?" असे पोराने विचारले. मी होय म्हणालो. वहीत मालेच्या संघाच्या खात्यावर आता जर्सीच्या खाली ताडपत्रीची ओळ आहे.