तिखट तुमच्या हातचे, भाव कोणाच्या हाती?

उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडे वर्षाच्या तिखट-मसाल्याची लगबग सुरू होते. गच्चीवर बिबड्या, नागलीचे पापड, आणि साऱ्या गल्लीला ठसका लावणारी लाल मिरची! नंदुरबार तर मिरचीचेच गाव. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडलेली तुम्ही पाहिलीच असेल. अशा गावात चांगले तिखट करणाऱ्या बायकांना तोटा नाही. पण मैत्रिणींनो, चांगले तिखट करणे वेगळे आणि ते चांगल्या भावाने विकणे वेगळे.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींचेच पाहा ना. त्यांच्या हातच्या तिखटाचे सगळीकडे कौतुक. 'वहिनी, आमच्यासाठी दोन किलो ठेवा हं,' असे म्हणता म्हणता त्यांचे घरबसल्या दुकानच सुरू झाले. दोन उन्हाळे त्यांनी कंबर मोडेपर्यंत काम केले. पण डब्यात पैसे काही शिल्लक राहीनात. 'मेलं जातं कुठं सगळं?' हाच त्यांचा प्रश्न.

उत्तर मिळाले ते बचत गटाच्या एका बैठकीत. शेजारी बसलेल्या बाईने वही पुढे ओढली आणि हिशेब मांडला. समजा, सुकी मिरची २०० रुपये किलोने आणली. दळणाचे २० रुपये, पिशव्या आणि लेबलांचे २०. झाले २४०. वहिनी २८० रुपये किलोने विकत होत्या, म्हणजे किलोमागे ४० रुपये नफा असे त्यांना वाटे. पण देठ काढून, पुन्हा वाळवून, दळून एक किलो मिरचीचे तिखट हाती किती येते? धरा ८५० ग्रॅम. म्हणजे एक किलो तिखट घरातच २८२ रुपयांना पडले! किलोमागे दोन रुपये वहिनी पदरचे घालत होत्या, आणि दोन महिन्यांच्या मेहनतीची मजुरी शून्य.

'अगं बाई! म्हणजे मी लोकांना तिखट वाटतच होते की!' असे म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण डोळ्यांत पाणी होते.

स्वयंपाकाचे शिक्षण आपल्याला आई देते, सासूबाई देतात. विक्रीचे शिक्षण कोण देणार? घरात बसून ते मिळत नाही. ते चारचौघी विकणाऱ्या बायकांत मिसळल्यावरच मिळते. डॉक्टरांच्या संघटना असतात, व्यापाऱ्यांचे महामंडळ असते. महाराष्ट्रातील व्यापारी-उद्योजकांनी आपले चेंबर १९२७ सालीच उभारले. एवढे मोठे व्यापारीसुद्धा एकटे राहत नाहीत, तर आपण का एकटे राहावे?

आपल्या बायकांनी हे करून दाखवले आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी जमल्या. ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे केली. तेच पुढे लिज्जत पापड झाले. लाटण्यात त्या साऱ्याच पटाईत होत्या. पण प्रत्येकीने आपापले पापड घेऊन दारोदार हिंडायचे नाही, हे त्यांनी ठरवले. पीठ एका जागी मळायचे, प्रत्येकीने घरी नेऊन लाटायचे, केंद्रावर वजन आणि तपासणी करून द्यायचे, आणि विक्री एका नावाने. काम करणारी प्रत्येक बहीण मालकीणही. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पापड लाटणारी बाई पद्मश्रीपर्यंत पोचली ती एकटीच्या लाटण्यावर नव्हे, सगळ्यांच्या एकीवर.

आता म्हणाल, मुंबईचे सोडा, आपल्याकडे काय? आपल्याकडेही वाटा आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झाले. बचत गटांना एकत्र आणणारी त्याची लोकसंचालित साधन केंद्रे असतात. खेड्यातल्या बहिणींसाठी 'उमेद' अभियान आहे. त्यात गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी साखळी असते. शहरातल्या भगिनींनी नगरपालिकेत महिला बचत गटांची चौकशी करावी आणि जिल्हा उद्योग केंद्रातही एक चक्कर मारावी. तुमच्या गावात अशी संघटना नसेल तर पाच-सात विकणाऱ्या जणींनी दर पंधरवड्याला एकत्र बसायला कोणाची हरकत आहे?

सभासद होऊन मिळते काय, ते मोजून सांगते.

पहिले म्हणजे भाव कळतो. धडगावच्या डोंगरात बायका कैऱ्या सोलून, चिरून आमचूर वाळवतात. एकटी बाई टोपलीभर आमचूर घेऊन बाजारात गेली की समोरचा सांगेल तो भाव तिला घ्यावा लागतो; परत न्यायचे तर गाडीभाडे अंगावर. दहा जणींचा माल एकत्र झाला तर दोन ठिकाणी विचारता येते. 'परवडत नाही, राहू द्या' असे म्हणण्याची ताकद येते. तिखट, पापड, लोणची, सगळ्यांना हेच लागू.

दुसरे, नियम कळतात. घरी केलेला खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, नाव-पत्ता हवा. एकटीला हे डोंगराएवढे वाटते. जिने आधी केले तिच्याशेजारी बसून अर्ध्या दुपारी होते.

तिसरे, मोठी मागणी घेता येते. लग्नघरची पन्नास किलोंची मागणी एकटीने नाकारावी लागते. पाच जणी मिळून ती घेऊ शकतात. मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनाची वाटही गटातूनच सापडते.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे, बोलायला येते. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे म्हणतात ना! बैठकीत उभे राहून दोन वाक्ये बोललेली बाई पुढे बँकेत आणि दुकानदारासमोरही अडखळत नाही.

मात्र डोळे मिटून कुठेही पैसे भरू नका. वर्गणी किती, तिचे काय होते, हिशेब वर्षातून किती वेळा वाचून दाखवतात, हे आधी विचारा. सही करण्यापूर्वी कागद वाचा. कर्जाची जबाबदारी एकीची की सगळ्यांची, ते समजून घ्या. नुसते हळदीकुंकू आणि सत्कार होत असतील तर तो आनंद वेगळा, पण त्याला व्यवसायाची संघटना म्हणू नये. घरच्यांनाही विश्वासात घ्या. बैठकीची दुपार ठरलेली असू द्या. त्या दिवशी सकाळीच पोळ्या करून ठेवल्या की कोणाची कुरकुर राहत नाही. आणि राहिलीच थोडी, तर हिशेबाची वही दाखवा!

आमच्या वहिनींनी काय केले? गटातल्या बायकांनी धीर दिला तेव्हा त्यांनी भाव ३४० केला. 'गिऱ्हाईक तुटलं तर?' या काळजीने रात्रभर झोप नाही. दोन घरे तुटली. बाकीच्यांनी थोडी घासाघीस केली आणि नेले. खर्च जाऊन किलोमागे ५८ रुपये पहिल्यांदाच खरोखर हाती राहिले. श्रीमंती नव्हे, पण ती त्यांच्या कष्टाची मजुरी होती.

पाकिटावर आता त्यांचे स्वतःचे नाव आहे. यजमानांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, 'तुझं नाव छापलेलं लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच बघतोय.'

मैत्रिणींनो, यंदा मिरची वाळत घालण्याआधी वही काढा, आणि ती वही घेऊन चार जणींत जाऊन बसा. हाताला चव आहेच तुमच्या. त्या चवीचा भाव मात्र तुम्ही ठरवा.