राज्यपाल : सही आणि सहीला लागणारा वेळ

आजचा विषय आहे राज्यपाल. विषय ऐकून काही जणांच्या मनात आलं असेल, की यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? राज्यपाल म्हणजे २६ जानेवारीला शिवाजी पार्कवर मानवंदना घेणारे, विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात झगा घालून बसणारे, नव्या मंत्र्यांना शपथ देणारे गृहस्थ. एरवी मलबार हिलवर त्यांचा मुक्काम. आपण सहज म्हणून जातो, 'शोभेचं पद आहे हो ते.'

आता हे चुकीचंही नाही. दरवर्षी विधिमंडळाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपाल अभिभाषण करतात. त्यात 'माझ्या शासनाने' हे केलं, ते केलं, असं येतं. पण त्या भाषणाचा मजकूर मंत्रिमंडळाने मंजूर केलेला असतो. सरकार बदललं की त्याच राज्यपालांना पुढच्या वर्षी अगदी उलट धोरणाचं कौतुक वाचावं लागतं. तेव्हा शोभेचं पद म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

मग प्रश्न असा, की या शोभेच्या पदावरून सर्वोच्च न्यायालयाची घटनापीठं पुन्हा पुन्हा का बसतात? सरकारं का पडतात? आज मला एवढंच सांगायचं आहे : राज्यपालांची खरी ताकद त्यांच्या सहीत फारशी नाही. सही कुणाच्या सांगण्यावरून करायची ते घटनेनं ठरवलेलं आहे. ताकद आहे ती त्या सहीला किती वेळ लागतो यात. घाईनं झालेली सही आणि न झालेली सही, या दोन गोष्टींभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

परळपासून मलबार हिलपर्यंत

थोडं मागे जाऊ. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. तेव्हापासून मुंबईला गव्हर्नर आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर झाला. त्या काळात गव्हर्नर शोभेचा अजिबात नव्हता. तोच सरकार होता. महसूल, पोलीस, शाळा, न्याय, सगळं त्याच्या नावानं आणि त्याच्या मर्जीनं चालायचं. गव्हर्नरचा बंगला तेव्हा परळला होता. आज तिथे हाफकिन संस्था आहे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनच्या पत्नीचं तिथे कॉलऱ्यानं निधन झालं आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. तेच पुढे राजभवन झालं.

पुढे १९३५ चा कायदा आला. त्यानं प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळं दिली, पण गव्हर्नरच्या हातात 'विशेष जबाबदाऱ्या' आणि 'स्वविवेक' राखून ठेवला. म्हणजे मंत्र्यांनी एक म्हणावं आणि गव्हर्नरनं दुसरं करावं, याची कायदेशीर सोय. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण काँग्रेस म्हणाली, गव्हर्नर हे अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही असा भरवसा द्या, मगच आम्ही सरकार बनवू. भरवसा मिळेना. तेव्हा साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचं, बहुमत नसलेलं हंगामी मंत्रिमंडळ बसवण्यात आलं. गव्हर्नर होते लॉर्ड ब्रेबर्न. हो, स्टेडियमवाले तेच. जुलैमध्ये तडजोड झाली आणि बाळासाहेब खेर यांनी सूत्रं हाती घेतली.

कूपर मंत्रिमंडळ जेमतेम साडेतीन महिने टिकलं. पण तेव्हा जो प्रश्न निघाला तो आजही तसाच आहे : लोकांनी निवडलेल्या सरकारला, न निवडलेला माणूस कुठपर्यंत थांबवू शकतो?

१९४९ : निवडायचा की नेमायचा?

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, की आपला राज्यपाल सुरुवातीला निवडून येणार होता. १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं शिफारस केली होती, की प्रांताच्या गव्हर्नरची निवड लोकांनी थेट मतदानानं करावी. मग विचार बदलला. का? कारण साधं आहे. मुख्यमंत्रीही लोकांच्या पाठिंब्यावर आलेला आणि राज्यपालही, तर एका म्यानात दोन तलवारी राहायच्या कशा? शिवाय फाळणी नुकतीच झालेली. देश एकत्र ठेवायचा तर केंद्राचा एक दुवा राज्यात असावा, असंही वाटत होतं. नेहरूंनी नेमणुकीच्या बाजूनं कौल दिला. राज्याच्या राजकारणापासून अलिप्त, बाहेरचा, सर्वांना मान्य होईल असा माणूस मिळेल, ही त्यामागची अपेक्षा. मे १९४९ च्या अखेरीस घटना समितीनं निवडणूक वगळून राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची तरतूद स्वीकारली.

विरोध करणारेही होते. त्यांची शंका अशी, की दिल्लीनं नेमलेला माणूस दिल्लीचं ऐकेल. आणि उद्या राज्यात वेगळ्या पक्षाचं सरकार आलं तर काय होईल? त्या वेळी केंद्रात आणि जवळपास सगळीकडे एकच पक्ष होता, त्यामुळे ही शंका तेव्हा दूरची वाटली असेल. डॉ. आंबेडकरांची भूमिका अशी होती, की या राज्यपालाला स्वतःच्या मर्जीनं चालवण्याचा कारभार असा नाहीच. त्याला आहेत ती कर्तव्यं. मंत्रिमंडळाला सल्ला देणं, सावध करणं, फेरविचार करायला सांगणं. अधिकारच नाहीत, तर तो निवडून आला काय आणि नेमला काय, असा तो युक्तिवाद.

पहिली काही वर्षं ही कल्पना खरीही वाटली. मुंबईचे पहिले भारतीय राज्यपाल राजा महाराज सिंह. १९५० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते कॉमनवेल्थ संघाविरुद्ध प्रथम दर्जाच्या क्रिकेट सामन्यात फलंदाजीला उतरले! चार धावा केल्या. शोभेचं पद असावं तर असं.

घटनेत काय लिहिलंय?

आता जरा कलमं बघू, घाबरू नका. कलम १५५ : राष्ट्रपती राज्यपालाची नेमणूक करतात. कलम १५६ : राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. मुदत पाच वर्षांची म्हटली तरी मर्जी कधीही फिरू शकते. कलम १६३ : मुख्यमंत्र्यांचं मंडळ राज्यपालांना सल्ला देईल, मात्र घटनेनं स्वविवेक सांगितला असेल तिथे नाही. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठानं सांगून टाकलं, की मोजके अपवाद सोडले तर राज्यपालानं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वागायचं.

म्हणजे 'काय करायचं' हे बरंचसं ठरलं. पण 'कधी करायचं'? कलम २०० बघा. विधेयक आलं की राज्यपालांनी संमती द्यावी, किंवा शक्य तितक्या लवकर परत पाठवावं, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावं. 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती दिवस? घटना गप्प आहे. घटनाकारांनी गृहीत धरलं, की शहाण्या माणसाला तारीख सांगावी लागत नाही.

घाई आणि दिरंगाई : आपल्याच राज्यातली

आता महाराष्ट्राची दोन उदाहरणं घेऊ. नोव्हेंबर २०१९. निकाल लागून आठवडे झाले, सरकार बनेना. शिवसेनेनं पाठिंब्याची पत्रं आणायला आणखी वेळ मागितला, तो मिळाला नाही. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी उरकला. लोक चहा घेत होते तोवर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री तयार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं २६ तारखेला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सभागृहात बहुमत मोजा. त्याच दिवशी राजीनामा आला. ही घाई.

आता दिरंगाई. विधान परिषदेचे ७८ पैकी १२ सदस्य राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतले. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं बारा नावं पाठवली. राजभवनातून 'हो' आलं नाही आणि 'नाही'ही आलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, की वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे; पण राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्यानं त्यांना आदेश देता येत नाही. २०२२ मध्ये सरकारच बदललं, ती यादी मागे घेतली गेली. २०२० पासून रिकाम्या असलेल्या त्या बारांपैकी सात जागा भरल्या, त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये!

बघा, एकच राजभवन. तिथे एका सहीला काही तास पुरतात आणि दुसरीला वर्षं पुरत नाहीत. कायदा दोन्ही वेळा तोच होता.

२०२२ च्या सत्तांतराबद्दल ११ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल आला. राज्यपालांकडे पुरेसा आधार नसताना त्यांनी बहुमत चाचणी बोलावली, हे समर्थनीय नव्हतं, असं न्यायालयानं म्हटलं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिलेला, त्यामुळे आधीचं सरकार परत आणता येणार नाही. चूक मान्य झाली, पण वेळ निघून गेलेली होती.

हे एका पक्षाचं दुखणं नाही

इथे कुणाला वाटेल, वक्ते एका बाजूनं बोलताहेत. तर जुनं पान उलटू. १९५९ मध्ये केरळचं बहुमतातलं सरकार केंद्रातल्या काँग्रेसनं बरखास्त केलं. १९७७ मध्ये जनता पक्षानं नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परत येऊन नऊ राज्यांतली सरकारं घालवली. त्यात आपल्याकडचं शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं. २००४ मध्ये नव्या सरकारनं चार राज्यपालांना हटवलं. खुर्ची दिल्लीच्या मर्जीवर असली, की तिथे बसणाऱ्याची नजर दिल्लीकडे वळते, मग दिल्लीत कुणीही असो. १९४९ मधली शंका हीच होती.

न्यायालयानं काही दारं बंद केली. १९९४ च्या बोम्मई निकालानं सांगितलं, बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. २०१० मध्ये सांगितलं, राज्यपालाला मनमानीनं काढता येणार नाही. पण वेळेचं दार अजून किलकिलंच आहे. तामिळनाडूत विधेयकं वर्षानुवर्षं पडून होती. एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांनी मुदती घालून दिल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं. त्यानंतर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांनी मत दिलं, की न्यायालय ठरावीक मुदत घालू शकत नाही, संमती गृहीतही धरू शकत नाही. मात्र राज्यपालांनाही विधेयक अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, आणि फारच उशीर झाला तर 'निर्णय घ्या' एवढं न्यायालय सांगू शकतं.

एक वेगळं काम

जाता जाता महाराष्ट्राच्या राज्यपालांचं एक खास काम सांगतो, कारण ते शोभेचं नाही. कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रात निधीचं न्याय्य वाटप व्हावं, ही विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. त्यामागे नागपूर कराराचं आश्वासन आहे. १९८४ च्या दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मोजला, सुमारे ३,१८६ कोटी रुपये. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि निधीवाटपाबाबत राज्यपाल निर्देश देऊ लागले. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. यवतमाळच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं राज्यपालांकडचा सर्वांत महत्त्वाचा कागद हा आहे, शपथविधीचा नव्हे. पण त्याची बातमी आपण वाचतो का?

तेव्हा पुढच्या वेळी राज्यपालांची बातमी आली, की पक्ष बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या सल्ल्यानं झालं? किती दिवसांत झालं, आणि मागच्या वेळी अशाच कामाला किती दिवस लागले होते? बहुमताचा प्रश्न असेल तर मोजणी सभागृहात झाली का? आपल्या आवडीचं सरकार असताना हे प्रश्न विचारायची सवय लागली, तरच नावडत्या सरकारच्या वेळी त्या प्रश्नांना वजन येईल.

इथे थांबतो. काही शंका असतील तर जरूर विचारा.