अकरा महिन्यांचा कागद

विरार, दिवा, कळवा, मानखुर्द... स्टेशन कुठलंही असो, खोली पसंत पडली की एजंट टेबलाच्या खणातून स्टँपपेपर काढतो. त्यावर अकरा महिन्यांचा करार टाइप होतो, नोटरीचा शिक्का बसतो, डिपॉझिट मोजून दिलं जातं आणि चावी हातात येते. वर्षाच्या आतला करार आहे, नोंदणी लागत नाही, असं एजंट सांगतो. मालकाला ते पटतं, भाडेकरूलाही.

महाराष्ट्रात ते खरं नाही. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, हा नियम १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातला. त्यातून सुटण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं कलम ५५ मुदत विचारत नाही. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी प्रत्येक भाडेकरूला ठाऊक असायला हवी: नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

नोंदणी परवडत नाही, हा पुढचा समज. मुंबईत दहा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिने असा हिशेब धरू. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. रक्कम येते तीनशे रुपयांच्या आत. शहरी भागातली नोंदणी फी एक हजार. नोंदणी ऑनलाइन होते, निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. यासमोर एजंटची दलाली ठेवून पाहावी. ती सहसा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते, आणि हा दर कायद्यानं नव्हे, प्रथेनं ठरलेला आहे. म्हणजे त्यावर बोलणी करता येतात. दहा हजारांची दलाली निमूट देणारं कुटुंब तेराशे रुपयांचा कागद सोडून देतं, ही या व्यवहारातली सर्वांत दुखरी गोष्ट. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली म्हणजे नोंदणी झाली, असंही अनेकांना वाटतं. ती दोन वेगळी कामं आहेत.

मालकांच्या मनात वेगळीच भीती असते: भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं. या समजुतीचं मूळ १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. तिथली बारा वर्षं मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे घेतलेल्या ताब्यासाठी आहेत. करार करून, भाडं भरून राहणारा माणूस मालकाच्या परवानगीनं राहतो, त्यामुळे केवळ वर्षं मोजून घर त्याचं होत नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही तो हटला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाईही मागता येते.

भीती मात्र जुनी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण मानलं आणि जुन्या इमारतींची भाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच अडकली. त्या आठवणीनं आजही कित्येक घरं कुलपात असतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली. भारतातल्या शहरांत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आलं.

मग सरकारी घराचं काय? म्हाडात खोली भाड्यानं मिळते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. म्हाडाच्या सोडतीतली घरं विकत घेण्याची असतात. अत्यल्प उत्पन्न गटात वर्षाला सहा लाखांपर्यंत कमावणारं कुटुंब बसतं खरं, पण किंमत भरायला कर्ज लागतंच. कामगारांना भाड्यानं देण्यासाठी सरकारनं बांधलेल्या घरांचं एक मोठं उदाहरण शंभर वर्षं जुनं आहे: १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं उभ्या राहिलेल्या २०७ बीडीडी चाळी. एमएमआरडीएनं २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यातली पनवेलजवळच्या कोन इथली घरं पुढे दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना सोडतीत मालकीहक्कानं देण्यात आली. भाड्यासाठी बांधलेली खोलीसुद्धा शेवटी विक्रीलाच गेली. गिरणी कामगारांचा त्या घरांवरचा हक्क रास्तच. पण भाडेकरूंच्या वाट्याचं घर त्यातून कमी झालं, हेही खरं.

स्वस्त म्हणून मिळणारं एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर तपासून घ्यावं. पुनर्वसनात मिळालेली सदनिका कायद्यानं घातलेली मुदत संपेपर्यंत विकता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. कारवाई झाली तर आत राहणाऱ्याचंच बिऱ्हाड रस्त्यावर येतं. हेवी डिपॉझिटचंही तसंच. चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं शून्य, हा सौदा फुकटात राहिल्यासारखा वाटतो. पण घरावर बँकेचा बोजा असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर बँक घर ताब्यात घेते आणि आयुष्याची पुंजी मालकाकडे अडकून पडते. पैसे देण्याआधी घरावर कर्ज आहे का ते विचारावं, पूर्ण रक्कम चेकनं द्यावी आणि ती नोंदवलेल्या करारात लिहून घ्यावी.

सर्वांत घातक समज इमारतीबद्दलचा. वीजमीटर आहे, घरपट्टीची पावती आहे, म्हणजे बिल्डिंग अधिकृत! महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, कधी शास्तीसकट लावते, आणि तो भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला काम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. खालच्या मजल्यांवर माणसं राहायलाही आली होती. ७४ जण गेले. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती पाडल्या गेल्या आणि तिथली कुटुंबं सामान घेऊन रस्त्यावर आली. पाहायचा कागद असतो भोगवटा प्रमाणपत्र, बोलीभाषेत ओसी. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. डिपॉझिट देण्याआधी त्या यादीत इमारतीचं नाव शोधावं आणि ओसीची प्रत मागावी. जुन्या चाळीला ती नसेल, तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात इमारतीची चौकशी करावी.