ट्यूब उघडण्याआधी

पंक्चर काढणाऱ्या माणसाच्या हातांकडे कधी नीट पाहिलंय? टायरमधली ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधतो, ती जागा पुसून कोरडी करतो आणि कानशीने खरवडायला घेतो. रबराची चकाकी जाऊन ते भुरकट दिसेपर्यंत खरवडतो. मग सोल्युशन लावतो, बोटाने पातळ पसरवतो आणि थांबतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ओल्या सोल्युशनवर तो पॅच ठेवत नाही. बोटाला ओल लागेनाशी झाली की पॅच बसवतो आणि ठोकून घट्ट करतो. पाच-दहा मिनिटांचं काम, पण त्याच ट्यूबवर आपण पुढची दोन वर्षं निर्धास्त फिरतो.

घरी गाडीचं काही तुटलं की यातलं आपण काहीच करत नाही. माझ्या स्कूटरच्या पुढच्या पॅनलचा स्क्रूचा कान तुटला, तेव्हा मी कपाटातला सुपरग्लू काढला, दोन थेंब सोडले आणि मिनिटभर दाबून धरलं. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा जोड लगेच पक्का वाटला आणि तिन्ही वेळा मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा सुटला. दरवेळी मी दुकानात जाऊन ‘याहून स्ट्राँग काही आहे का’ एवढंच विचारत होतो. विचारायला हवं होतं ते वेगळंच: हे प्लॅस्टिक कुठलं, या जोडावर जोर कुठून येतो आणि ही जागा किती तापते? ट्यूबवर छापलेल्या ताकदीच्या आकड्याला या तीन उत्तरांशिवाय काही अर्थ नसतो.

प्लॅस्टिकपासूनच सुरुवात करू, कारण घरच्या दुरुस्तीतली बहुतेक फसगत तिथेच होते. तुटलेला भाग उलटा करून आतल्या बाजूला पाहा. बहुतेक वेळा तिथे बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली सापडतात. ‘एबीएस’ असेल तर काम सोपं. ‘पीपी’, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर जरा थांबा. कारचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळून केलेले असतात. हे प्लॅस्टिक मेणासारखं आहे. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहतं. डिंकाचंही तसंच होतं. चिकटायचं तर डिंकाने आधी पृष्ठभागावर पसरायला हवं, आणि हे प्लॅस्टिक त्याला पसरूच देत नाही. त्यामुळे बाजारातला कितीही महाग डिंक बंपरवर नुसता लावला, तर वाळल्यावर नखाने सालीसारखा निघून येतो. अशा प्लॅस्टिकला आधी खास प्रायमर लागतो, नाहीतर ते वितळवून जोडावं लागतं. रस्त्याकडेला ‘प्लॅस्टिक वेल्डिंग’ची पाटी लावून बसलेला कारागीर गरम सळईने बंपर सांधून देतो, तेव्हा तो योग्य तेच करत असतो. पीपीच्या बंपरला तडा गेला असेल तर माझं स्पष्ट मत आहे: ट्यूब विकत घेऊ नका, त्याच्याकडे जा.

अक्षरं सापडली नाहीत, तर आतल्या बाजूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा एक थेंब टाकून पाहा. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. एबीएसच्या याच गुणातून त्याची सगळ्यात चांगली दुरुस्ती होते. गॅरेजमधून एबीएसच्या भंगार पॅनलचा तुकडा मागून आणा, त्याचे बारीक कपचे करून काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाका आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी मधासारखा दाट लगदा झालेला असतो. तडा गेलेली जागा आतून पॉलिश पेपरने घासायची, तड्यावर बारीक स्टीलच्या जाळीची पट्टी ठेवायची आणि त्यावर हा लगदा भरायचा. ॲसिटोन उडून गेलं की उरतं ते तेच प्लॅस्टिक, आजूबाजूच्या प्लॅस्टिकमध्ये विरघळून एकजीव झालेलं. माझ्या पॅनलचा कान शेवटी असाच बसला. मात्र पूर्ण दिवस वाळू द्यायला हवं, रंगवलेल्या बाजूला थेंबही लागता कामा नये आणि जवळपास विस्तव नको, कारण ॲसिटोन भडकन पेटतं. हेडलाइटची काच म्हणून आपण जिला ओळखतो ती बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेटची असते. तिला ॲसिटोन लागलं की बारीक चिरांचं जाळं उमटतं, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

मग सुपरग्लू वाईट का? मुळीच नाही. अमेरिकेत १९४२मध्ये कोडॅक कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेलं रसायन ज्याला त्याला चिकटत होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. १९५१मध्ये ते पुन्हा समोर आलं तेव्हा हा वैताग म्हणजेच गुण आहे हे लक्षात आलं आणि १९५८मध्ये ते बाजारात उतरलं. आपल्याकडचं फेविक्विक याच कुळातलं. पृष्ठभागावरच्या अदृश्य ओलाव्याने ते घट्ट होतं. वाळल्यावर मात्र ते काचेसारखं कडक बनतं. सरळ ओढलं तर तग धरतं. कडेपासून सोललं किंवा धक्का बसला, की तडकतं. माझा पॅनल तेच सांगत होता. साधारण ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्या आकड्याच्या जवळ जातो. काळ्या प्लॅस्टिकवर कडेने पांढरी भुकटीही धरते. याची खरी जागा म्हणजे दाराच्या रबरी बीडिंगचा फाटलेला कोपरा. रबराला ते फार चांगलं धरतं. आणि सांडलं तर सुती फडक्याने पुसू नका. कापसाशी त्याची इतक्या झपाट्याने क्रिया होते, की हात भाजू शकतो.

धातूसाठी दोन ट्यूबांचं एपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटच्या जातीचं. लोटसच्या एलिझ या स्पोर्ट्स कारची ॲल्युमिनियमची चौकट १९९६पासून २०२१मध्ये ती कार बंद होईपर्यंत एपॉक्सीने चिकटवलेली असायची, त्यामुळे डिंकाची दुरुस्ती म्हणजे हलकी दुरुस्ती हा समज सोडून द्यावा. फक्त तो कारखान्यातला पृष्ठभाग आणि आपल्या तेलकट इंजिनाचं कव्हर यांत फरक आहे. आधी थिनरने पुसा, मग घासा, मग पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसा. आधीच घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर आणि पक्कं वाळेल, हा समज घरोघरी आहे. इथे तो चुकीचा आहे. एपॉक्सीचे दोन्ही भाग एकमेकांशी जोडले जाऊनच घट्ट होतात. ज्याचं प्रमाण जास्त, ते मोकळं राहतं आणि सांधा मऊ पडतो. पाकिटावर सांगितलेलं माप तंतोतंत पाळा. घाई नसेल तर पाच मिनिटांवाल्यापेक्षा रात्रभर लागणारं घ्या, ते साधारणपणे जास्त ताकदीचं होतं. एम-सील म्हणजे याच कुळातली मळून लावायची पुटी. प्रवासात इंजिनाच्या ऑइल चेंबरला दगड लागून तेल ठिबकू लागलं, तर गॅरेज गाठण्यापुरती ती कामाची आहे. गाठण्यापुरतीच. सायलेन्सरच्या उष्णतेपुढे यातलं काहीच टिकत नाही.

जिथे प्लॅस्टिक पत्र्याला जोडायचं आहे तिथे कडक डिंक नकोच. उन्हात पॉलिप्रॉपिलीन पोलादाच्या आठ-दहा पट पसरतं. दोघं रोज दुपारी वेगवेगळे ताणले जातात आणि मधला कडक सांधा तुटतो. दारावरची पट्टी, मागचं नावाचं चिन्ह, खिडकीवरची पावसाची झडप यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप उत्तम, कारण ती ताणली जाते. ती लावल्या लावल्या गाडी धुऊ नका. तिची पकड पूर्ण व्हायला साधारण तीन दिवस लागतात. दारांचं सुटलेलं कापड किंवा लांब बीडिंग असेल, तर रबरी सोल्युशनच्या जातीचा फेविकॉल एसआर घ्यावा, पांढरा फेविकॉल नाही. पांढरा लाकडासाठी आहे, ओलाव्यात सुटतो. एसआर दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासा झाला की दाबायचं. पंक्चरवाला करतो तेच.

नट-बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर हे अजब रसायन आहे. हवा असेपर्यंत ते पातळ राहतं आणि आट्यांमध्ये हवा संपून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. घरच्या कामाला निळं पुरे, साध्या पान्याने ते सुटतं. लाल एकदा बसलं की सोडवायला ते तापवावं लागतं. गॅस्केटचं सिलिकॉन लावताना हात आखडता ठेवा. आतल्या बाजूला बाहेर आलेला जास्तीचा गोळा सुटून तेलाच्या जाळीत अडकतो, मग इंजिनाला तेलच पोचत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सेन्सरजवळ नको. पेट्रोल लागेल तिथे तर सिलिकॉन नकोच, ते फुगून ढिलं होतं.

काही ठिकाणी कुठलीच ट्यूब उघडायची नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाक, सीटबेल्ट, पेट्रोलची नळी: तुटलं तर बदलायचं. हेल्मेटही त्यातच धरतो मी. डिंकातलं द्रावक आतला पांढरा थर्माकोल खातं आणि बाहेरचं कवच कमजोर करतं. वरून काहीच दिसत नाही.

पुढची काचही घरी बसवण्याची वस्तू नाही. ती पॉलियुरेथेनने बसवतात आणि आजच्या गाड्यांत ती छताला आधार देते. शेजारच्या सीटची एअरबॅग बहुधा तिच्याच आधाराने उलगडते. काचेच्या कडेची काळी पट्टी शोभेची नाही, तिच्यामागचा डिंक उन्हापासून वाचावा म्हणून आहे. काच बदलून घेतलीत तर गाडी किती तासांनी हलवायची ते कारागिराला विचारा, आणि त्याने सांगितलेला वेळ पूर्ण होऊ द्या. पहिला दिवसभर एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार जोरात लावलं, तर आत कोंडलेली हवा त्या ओल्या डिंकालाच बाहेर रेटते.